रुपयाच्या नावावर बट्टा

‘नावाला बट्टा लागणे’ हा वाक्प्रचार वापरताना आपल्या मनात घराण्याची किंवा गावाची अब्रू असते. परंतु हा शब्द सराफाच्या पेढीवर अधिक रुळलेला. नाणे झिजलेले, जुने किंवा परमुलखातले असले म्हणजे त्याच्या दर्शनी किमतीतून सराफ जी रक्कम कापून घेई, तिला बट्टा म्हणत. माणसाच्या लौकिकाची किंमतही तशीच उतरते, हे जाणून भाषेने पेढी आणि घर या दोन्ही ठिकाणी तो एकच शब्द चालविला. आज त्याची आठवण होण्याचे कारण असे की, परदेशात कार्डाने पैसे देणाऱ्या आपल्या प्रवाशांकडून हाच बट्टा नव्या रूपाने वसूल होत आहे. आणि तो भरणाऱ्यांपैकी पुष्कळांना आपण काही भरले याची वार्ताही नसते.

हुंडी आणि बट्टा यांचे शास्त्र ज्या नगरांत विशेष फळले, त्यांत सुरतेचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. सुरत म्हटली की मराठी वाचकाला १६६४ आणि १६७० सालच्या शिवछत्रपतींच्या स्वाऱ्या आठवतात. त्या नगरात एवढी संपत्ती का साचली होती, हा प्रश्न मात्र त्या मानाने थोड्यांना पडतो. तापीच्या मुखाजवळचे हे बंदर म्हणजे मोगल साम्राज्याचे समुद्राकडील महाद्वार होते. इंग्रजांची वखार तेथे १६१३ च्या सुमारास स्थिरावली आणि काही वर्षांतच डच त्यांच्या शेजारी येऊन बसले. या परदेशी व्यापाऱ्यांकडे आपल्या कापडाच्या आणि निळीच्या मोबदल्यात देण्यासारखा माल थोडा; म्हणून त्यांची जहाजे चांदी घेऊन येत. त्या चांदीत स्पेनच्या रियालांचा भरणा मोठा असे. परंतु रियाल घेऊन सुरतेच्या बाजारात खरेदी करता येत नसे. ती चांदी टांकसाळीत आटवून तिचे रुपये पाडून घ्यावे लागत, आणि टांकसाळीची रोजची मजल ठरलेली. ज्याला थांबणे परवडत नसे, तो सराफाच्या पायरीशी येई. सराफ तत्काळ रुपये मोजून देई आणि त्या तत्परतेचे मोल कापून घेई.

खुद्द रुपयांतही भेद होता. चालू सालात पाडलेला रुपया तो सिक्का. त्याला पूर्ण मान. त्याच कारकिर्दीतला परंतु मागील सालांचा तो चलनी, आणि आधीच्या बादशहांच्या काळातला तो खजाना. त्यांवर बट्टा बसे. सुरतेहून आग्र्याला पैसा पाठवायचा तर तो थैल्यांतून नेण्यापेक्षा हुंडीने जाई आणि त्यावर हुंडणावळ पडे. या सर्व व्यवहारांत लबाडी नव्हतीच असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. परंतु आपल्याकडून बट्टा घेतला जात आहे एवढे तरी त्या व्यापाऱ्याला ठाऊक असे. तो घासाघीस करू शके; आणि एका पेढीवर दर पटला नाही तर दुसऱ्या पेढीची पायरी चढू शके. आकार होता, पण तो उघडा होता.

गोमंतकीय वाचकाला चलनबदल म्हणजे काय, हे निराळे सांगण्याची गरज नाही. बांको नासिओनाल उल्त्रामारिनोच्या नोटा ज्यांनी हाताळल्या, असे वृद्ध आजही आपल्या घरांत आहेत. १९५८ साली पोर्तुगीज अमलातील रुपिया जाऊन एस्कुदो आला. एका रुपियाला सहा एस्कुदो हा हिशेब लोकांच्या अंगवळणी पडतो न पडतो तोच १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि भारतीय रुपया घरोघर आला. थोड्याच वर्षांत तीन नाणी पाहिलेल्या त्या पिढीला एक गोष्ट पक्की कळली होती: नाणे बदलताना मधला माणूस काय घेतो ते आधी विचारावे. त्यांच्या नातवंडांच्या हातात आज कार्ड आहे, आणि मधला माणूस डोळ्यांना दिसेनासा झाला आहे.

सुरतेकडेच पुन्हा पाहा. आजची सुरत हिऱ्यांची आणि कापडाची. हिऱ्याचा कच्चा माल डॉलरात येतो आणि पैलू पडलेला हिरा डॉलरातच जातो. तेथील व्यापाऱ्याला हुंडणावळीच्या दरातील पै-पैचा फरक कळतो, कारण त्याचा नफाच त्या फरकावर उभा असतो. परंतु सुरत केवळ हिरेव्यापाऱ्यांची नाही. उधना, लिंबायत यांसारख्या भागांत खानदेशातून यंत्रमागांच्या आणि गिरण्यांच्या कामासाठी गेलेली मराठी कुटुंबे दोन-दोन पिढ्या नांदत आहेत. सुरतेहून शारजाला थेट विमान २०१९ साली सुरू झाले. २०२३ च्या डिसेंबरात विमानतळाला आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला आणि त्याच महिन्यात दुबईचे विमानही सुटू लागले. पूर्वी ज्यांना परदेश म्हणजे मुंबईचा सहार विमानतळ ओलांडल्यानंतरचे जग वाटे, त्यांच्या घराच्या दाराशी ते जग येऊन उभे राहिले. मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाल्यापासून आपल्या पेडण्या-बार्देशातील कुटुंबांचीही स्थिती याहून वेगळी नाही. आखातात मुलगा नोकरीला, त्याला भेटायला आई-वडील निघालेले, हे दृश्य सुरतेत जसे, तसेच डिचोलीत.

असेच एखादे कुटुंब डोळ्यांसमोर आणा. दुबईच्या दुकानात नातवासाठी, सुनेसाठी, घरासाठी खरेदी झाली आहे आणि एक हजार दिरहामांचे बिल आले आहे. कार्ड यंत्रात घातल्यावर पडद्यावर दोन ओळी उमटतात. एका ओळीत दिरहाम, दुसरीत रुपये. विक्रेता सौजन्याने विचारतो, ‘रुपयांत देणार ना?’ परक्या मुलखात आपल्या रुपयाचे नाव ऐकले की जीव सुखावतो. आकडा ओळखीचा वाटतो आणि हिशेबाचा ताप वाचतो. मागे रांग खोळंबलेली असते. गृहस्थ मान डोलावतात आणि बट्टा लागतो.

हा बट्टा कसा लागतो, ते शांतपणे समजून घेतले पाहिजे. ग्राहकाने दिरहाम हे उत्तर दिले असते, तर त्या रकमेचे रुपये करण्याचे काम कार्डाच्या जाळ्याने, म्हणजे व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांपैकी जे असेल त्याने, आपल्या दराने केले असते. हा दर सामान्यतः घाऊक बाजारातील दराच्या जवळपास असतो. त्यावर आपली बँक स्वतःचा आकार चढविते. त्याला फॉरेक्स मार्कअप म्हणतात. आपल्याकडील अनेक कार्डांवर तो साडेतीन टक्क्यांपर्यंत असतो आणि त्या आकारावर १८ टक्के वस्तू व सेवा कर पडतो. ग्राहकाने रुपये हे उत्तर दिले, तर चलनबदल त्या दुकानाच्या यंत्रातच होतो. तेथील दर कार्डाच्या जाळ्याचा नसून दुकानाची बँक आणि चलनबदलाचा धंदा करणारी कंपनी यांनी ठरविलेला असतो. त्या दरातच त्यांचा नफा मुरविलेला असतो आणि त्याचा वाटा पुष्कळदा दुकानदारालाही मिळतो. या सोयीचे इंग्रजी नाव डायनॅमिक करन्सी कन्व्हर्शन असे भारदस्त आहे. आम्ही तिला जागच्या जागी चलनबदल म्हणू.

उदाहरणापुरते धरून चालू की त्या दिवशी एका दिरहामाला २४ रुपये हा खरा दर आहे. दिरहामांत पैसे दिले तर मूळ रक्कम २४,००० रुपये. त्यावर साडेतीन टक्के म्हणजे ८४० रुपये आणि त्यावरचा कर १५१ रुपये २० पैसे. एकूण २४,९९१ रुपये २० पैसे. आता तेच बिल रुपयांत दिले आणि यंत्राने दिरहामाचा दर २५ रुपये ५० पैसे लावला, तर रक्कम झाली २५,५००. ग्राहकाला वाटते, निदान बँकेचा आकार तरी सुटला. तेही खरे नाही. व्यवहार रुपयांत झाला तरी दुकान परदेशातले म्हणून आपल्याकडील काही बँका एक टक्का आकार घेतात. तो २५५ रुपये आणि त्यावरचा कर ४५ रुपये ९० पैसे. सारे मिळून २५,८०० रुपये ९० पैसे. म्हणजे रुपयाचे गोड नाव ऐकण्याची किंमत आठशे रुपयांहून अधिक. आणि ज्याच्या कार्डावर मार्कअप नाही, अशा प्रवाशाच्या तुलनेत अठराशे रुपये. एका खरेदीचा हा हिशेब. आठ-दहा दिवसांच्या प्रवासात अशा किती ओळींवर मान डोलावली जाते, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

यावर कोणी म्हणेल की, ही सोय आहे आणि सोयीला मोल पडणारच. या म्हणण्यात तथ्य नाही असे नव्हे. किती रुपये गेले हे त्याच क्षणी कळणे काहींना उपयोगाचे असते. कचेरीच्या खर्चाने फिरणाऱ्यांना पावतीवर रुपयांचा आकडा असणे सोयीचे वाटत असेल. सेवेचे मोल घेण्यास आमचा विरोध नाही. सुरतेचा सराफही ते घेतच होता. आमचा आक्षेप लपविण्याला आहे. दराच्या पोटात नफा दडवून वर ‘कमिशन नाही’ अशी पाटी लावणे ही सेवा नव्हे. ज्या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्याला त्या उत्तराची किंमत कळू दिली जात नाही, त्या प्रश्नाला निवड म्हणणे हा शब्दच्छल होय.

परंतु सारा दोष परमुलखातील दुकानदाराच्या माथी मारून मोकळे होणे हे न्यायाचे होणार नाही. आपल्या घरच्या बँकांनीही या बाबतीत फारसा भूषणावह कित्ता घातलेला नाही. मार्कअपचा उल्लेख कार्डासोबतच्या बारीक अक्षरांतील तक्त्यात असतो. कार्ड गळ्यात बांधणारा प्रतिनिधी मात्र त्याबद्दल सहसा अक्षर काढीत नाही. महिन्याच्या हिशेबपत्रकात हा आकार आणि त्यावरचा कर वेगवेगळ्या ओळींवर विखुरलेले असतात. परदेशी शिकणाऱ्या मुलाच्या खोलीचे भाडे कार्डावरून भरणारा शिक्षक किंवा परदेशी हॉटेलची खोली घरबसल्या राखून ठेवणारे निवृत्त दांपत्य यांना या ओळींची बेरीज करून कोण दाखविणार? हिरेव्यापाऱ्याला हुंडणावळ कळते. मागावर राबून मुलाला परदेशी धाडणाऱ्या बापाला ती कळत नाही. आणि ज्याला कळत नाही, त्याच्याकडूनच ती अधिक वसूल होते, ही या प्रकरणातील खरी टोचणी आहे.

मग प्रवाशाने करावे तरी काय? पहिली आणि सर्वांत मोलाची गोष्ट अगदी साधी आहे. ज्या देशात असाल त्या देशाचेच चलन निवडावे. दुबईत दिरहाम, युरोपात युरो, सिंगापुरात डॉलर. विक्रेत्याने न विचारता रुपयाची कळ दाबली असेल, तर पावतीवर सही करण्यापूर्वी किंवा गुप्त क्रमांक टिपण्यापूर्वी तो व्यवहार रद्द करून पुन्हा करावयास सांगावे. ग्राहकाला निवड दिलीच पाहिजे असा कार्डांच्या जाळ्यांचाही नियम आहे. तेव्हा हे सांगण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. एटीएमवर हाच सापळा निराळ्या शब्दांत असतो. आमचा दर मान्य आहे का, असे यंत्र विचारते आणि नाही म्हटले तर पैसेच मिळणार नाहीत अशी धास्ती वाटते. ती निराधार आहे. चलनबदल नाकारला तरी यंत्र सामान्यतः पैसे देते; दर मात्र कार्डाच्या जाळ्याचा लागतो. क्रेडिट कार्डावर रोकड काढण्याचा मोह शक्यतो टाळावा, कारण त्यावर निराळा आकार असतो आणि व्याजही त्याच दिवसापासून चालू होते.

दुसरी गोष्ट, निघण्यापूर्वी आपल्या कार्डावर मार्कअप किती, हे बँकेला लेखी विचारावे. मार्कअप न घेणारी किंवा अल्प घेणारी कार्डे आता आपल्याकडे मिळतात. मात्र त्यांची वार्षिक फी आणि अटी पाहूनच ती घ्यावीत. आगाऊ पैसे भरून न्यायच्या फॉरेक्स कार्डात दर भरतानाच ठरतो, हा लाभ आहे. परंतु त्या विक्रीच्या दरातही बँकेचा नफा असतोच. शिवाय कार्डात डॉलर भरून युरोत खर्च केला तर पुन्हा आकार पडतो आणि उरलेली रक्कम परत रुपयांत आणताना आणखी एकदा चलनबदल होतो. म्हणून जिथे जायचे तेथीलच चलन आणि लागेल तेवढेच भरावे. युपीआयने पैसे देण्याची सोय संयुक्त अरब अमिराती, मॉरिशस, श्रीलंका, नेपाळ यांसारख्या देशांतील काही ठिकाणी झाली आहे. ती स्वागतार्ह असली, तरी तेथेही दर आणि आकार पाहूनच होकार द्यावा. नवे साधन म्हणजे फुकट साधन नव्हे. घरी बसून परदेशी संकेतस्थळावर खरेदी करतानाही चलनाचा रकाना तपासावा. तेथे रुपया हा पर्याय पुष्कळदा आधीच निवडून ठेवलेला असतो.

तथापि, सारा भार प्रवाशाच्या सावधपणावर टाकून राज्यकर्त्यांनी हात झटकणे आम्हांस मान्य नाही. युरोपीय संघाने २०१९ साली कायदा करून आपल्या सभासद देशांतील चलनांपुरते एक बंधन घातले. दुकानातील किंवा एटीएममधील चलनबदलाचा एकूण आकार युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या संदर्भ दरापेक्षा किती टक्के अधिक आहे, हे ग्राहकाने होकार देण्यापूर्वी त्याला दाखविलेच पाहिजे. एप्रिल २०२० पासून ते लागू झाले. त्या कायद्याने सोय बंद केली नाही. तिच्या तोंडावरचा बुरखा तेवढा काढला. आपल्या रिझर्व्ह बँकेलाही अशा कामाचे वावडे नाही. नवी कार्डे देताना ती केवळ देशांतर्गत वापरासाठीच खुली ठेवावीत आणि परदेशी वापर ग्राहकाने स्वतः मागितल्यासच सुरू करावा, असा दंडक तिने २०२० साली घातला. त्याच धर्तीवर तिला आणखी दोन पावले टाकता येतील. पहिले असे की, ग्राहक परदेशी वापर सुरू करतो त्याच क्षणी मार्कअप आणि कर मिळून शंभर रुपयांमागे किती रुपये जातील, हे त्याला मराठीसह त्याच्या भाषेत सांगण्याची सक्ती बँकांवर करावी. दुसरे असे की, प्रत्येक व्यवहारानंतर येणाऱ्या संदेशात मूळ परकी रक्कम, लावलेला दर आणि घेतलेला आकार ही तिन्ही एकत्र असावीत. परदेशातील दुकानदारावर आपल्या कायद्याचा अंमल चालणार नाही, हे आम्हांस कळते. परंतु आपल्या बँकांवर तो चालतो, आणि आरंभ तेथूनच करावयाचा आहे.

आणखी एक गोष्ट आम्हां गोमंतकीयांच्या पदरातली आहे. परदेशी कार्डांना त्यांच्या चलनात बिल देण्याची हीच सोय भारतातील हॉटेलांच्या आणि दुकानांच्या यंत्रांवरही असते. आपल्या किनाऱ्यावर आलेल्या पाहुण्याने कार्ड पुढे केले आणि त्याला न विचारताच त्याच्या चलनाची कळ दाबली गेली, तर दुबईतील त्या दुकानात सुरतेच्या गृहस्थाच्या बाबतीत जे घडले, तेच आपण आपल्या अंगणात पाहुण्याच्या बाबतीत केले असे होईल. दुसऱ्याच्या लपविलेल्या आकाराबद्दल तक्रार करण्याचा नैतिक अधिकार, आपला आकार उघडा ठेवणाऱ्यालाच असतो. आमच्या हॉटेलमालकांनी आणि दुकानदारांनी पाहुण्याला दोन्ही आकडे दाखवावेत, फरक सांगावा आणि कळ त्याची त्याला दाबू द्यावी. यातून चार पैसे कमी मिळतील हे खरे. परंतु नाण्याला लागलेला बट्टा सराफाकडे भरून सुटता येते. गावाच्या नावाला लागलेला बट्टा कोणत्याच पेढीवर भरून घेत नाहीत.